लेकीने निवडलेलं पिंप

चावीवाले अण्णा म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेली टपरी, मागे खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि पुढे कानस चालवत बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. कुलूप उघडायला ते शिकले शाळेत असताना, आणि ते काही हौसेने नव्हे. त्यांचे वडील पिऊन यायचे, किल्ली कुठेतरी हरवून यायचे आणि सगळं घर पायरीवर ताटकळत बसायचं. मग हा पोरगा आईच्या केसांतला आकडा घेऊन कुलपाशी झटायचा. दारूने त्या घराची पार धूळधाण केली. तेव्हापासून अण्णांनी बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि दैव कसं थट्टेखोर बघा! अशा माणसाची एकुलती एक लेक सातासमुद्रापलीकडे स्कॉचच्या कारखान्यात लागली. नाक तिचं लहानपणापासून तिखट, दूध नासायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची. त्याच नाकावर नोकरी मिळाली. व्हिस्की ज्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते ती पिंपं हुंगायची, चाखायची आणि कुठलं तयार झालं ते सांगायचं. अण्णांनी लोकांना सांगितलं, पोरगी अत्तराच्या कंपनीत आहे. झालं, शेजारीपाजारी अत्तर मागू लागले आणि अण्णा गुपचूप बाजारातून कुप्या आणून लेकीच्या नावाने वाटू लागले. बायको म्हणायची, सरळ खरं सांगितलं असतं तर स्वस्तात सुटला असतात.

पण खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना, कारण मनात धास्ती होती. हे व्यसन रक्तात असतं म्हणतात. आपल्या बापाचं आपल्यात नाही आलं, पण पोरीत उतरलं तर? दर रविवारी फोनवर ते तिला उगाच लांबण लावून विचारायचे, काय जेवलीस, भाजी कशी केलीस, कालवणात पाणी किती घातलंस. ती वैतागून का होईना, सगळं सांगायची. अण्णांना कालवणाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. शब्द जड तर पडत नाही ना, एवढंच ते कान देऊन ऐकायचे, आणि फोन ठेवला की त्यांना जेवण गोड लागायचं.

यंदा ती सुट्टीवर आली. परत जायच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर तिने टेबलावर बाटली ठेवली. अण्णांचा चेहरा असा काही उतरला की आई ताटं तशीच सोडून दारात उभी राहिली.

लेक घाईने सांगू लागली. ही सिंगल माल्ट आहे, एकाच कारखान्याची. ज्या पिंपात आधी शेरी नावाची वाइन ठेवतात, त्याच पिंपात ही पुढे पंधरा वर्षं मुरली. हे पिंप तिने एकटीने निवडलं होतं. वरचे म्हणत होते अजून थांबू, ती म्हणाली आत्ताच, आणि शेवटी तिचं ऐकलं गेलं. "प्यायला नाही सांगत, अण्णा," ती म्हणाली, "नुसता वास घ्या. माझं काम एकदा तरी बघा."

नाही म्हणायला अण्णांना जमलं नाही. तिने ओतून दिलेला ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि म्हणाले, पितळेचा वास येतोय. लेक खुदकन हसली. जन्मभर चाव्या घासलेला हात तो, दुसरा कसला येणार! तिने त्यांना हात धुवायला लावले, ग्लास स्वतः धरला आणि पाण्याचे दोन थेंब घातले. मग हळूहळू वास उलगडला. मनुका, संत्र्याची वाळलेली साल, जरा मागे अक्रोड. अण्णांना नवल वाटलं. बापाच्या अंगाला यायचा तो वास यात कुठेच नव्हता.

मग कसं चाखायचं ते दाखवायला तिने एक घोट तोंडात घोळवला आणि सरळ मोरीवरच्या तांब्यात थुंकला.

"थुंकलीस?"

"मग काय! दिवसाला तीस-तीस चाखते. गिळत बसले तर दुपारीच आडवी होईन. कामावर थेंबभरही गिळायचं नसतं." मग ग्लास खाली ठेवत म्हणाली, "मैत्रिणींबरोबर कधीतरी एखादा ग्लास घेते. तुमच्याशी खोटं नाही बोलणार."

अण्णा खुर्चीत टेकले. इतकी वर्षं उराशी धरलेली धास्ती एकदम सैल पडली आणि त्यांचे डोळे भरून आले. "दर रविवारी फोनवर मी तुझी जीभ ऐकत होतो गं," ते म्हणाले. लेकीला कळायला एक क्षण लागला. मग कालवण आठवलं, पाणी आठवलं आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. दारातली आई डोळ्याला पदर लावून म्हणाली की या घरात धड बोलायला कुणाला म्हणून येत नाही.

बऱ्याच वेळाने अण्णांनी आपणहून ग्लास उचलला. बायको नको म्हणायच्या आत त्यांनी लहानसा घोट तोंडात घेतला आणि लेकीने दाखवला तसा घोळवला. लेकीने लगबगीने तांब्या पुढे केला. अण्णांनी मान हलवली, तांब्या हाताने बाजूला सारला आणि डोळे मिटून घोट गिळला. ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"अण्णा, अहो, थुंकायचं होतं!"

"पंधरा वर्षं मुरलेलं, आणि माझ्या लेकीने हो म्हटलेलं," अण्णा तोंड पुसत म्हणाले. "ते मी थुंकू होय गं?"