मागे व्हा

"क्रियापद कुणालाही येतं हो, त्याचं शेपूट ओळखता आलं पाहिजे," असं शब्दमास्तर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले आणि ते वाक्य कारखान्यात वर्षभर फिरत राहिलं. कुणी उशिरा आला की दुसरा विचारायचा, "काय रे, शेपूट कुठं अडकलं?"

मास्तर खरं तर मास्तर नव्हते. रबराच्या चटया बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते टंकलेखक होते. यंत्रं परदेशातून यायची, त्यांच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका यायच्या. त्या मराठीत करायच्या आणि यंत्रांवर लावायच्या पाट्या लिहायच्या, हे काम कुणी दिलं नसताना त्यांच्याकडे आलं आणि तिथेच राहिलं. खिडकीशी त्यांचं टेबल, शेजारी पत्र्याची भिंत, भिंतीपलीकडे चटया दाबणाऱ्या प्रेसची धडधड. ती इतकी अंगवळणी पडली होती की थांबली तरच त्यांचं बोट चुकायचं.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. पानाच्या डोक्यावर एक साधं क्रियापद आणि खाली त्याची शेपटं. 'पुट'चं पान सर्वांत मळलेलं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं.

"पण यात ठेवणं कुठं राहिलं?" शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारायचा.

"इंग्रजांनी कुठंतरी ठेवलं आणि विसरले," मास्तर म्हणायचे. मग गंभीर व्हायचे. "आपलं तरी काय वेगळं आहे? एक जण बोलून गेला, एक बोलून बसला, एक बोलून मोकळा झाला. बोलणं एकच. पहिल्याला भान नाही, दुसऱ्याला पश्चात्ताप, तिसऱ्याला झोप."

गाव बदललं की तोच शब्द वेगळा वागतो, हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं. मॅनेजरसाहेबांनी एका परदेशी पाहुण्याला अभिमानानं सांगितलं की आपण कॉलेजातून पहिल्या वर्गात पास आउट झालो. पाहुण्यानं काळजीनं विचारलं, "मग शुद्धीवर केव्हा आलात?"

"ती तारीख अजून ठरायची आहे," कारकून मास्तरांच्या कानाशी पुटपुटला. मास्तर हसले, पण घरी जाऊन त्यांनी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिले. इकडे उत्तीर्ण होणं, तिकडे मूर्च्छा येणं. ह्या वहीशिवाय आपण नुसते टंकलेखक आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग नवी प्रेस आली. ती बसवायला आलेल्या परदेशी माणसाभोवती गर्दी झाली, तेव्हा त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "बॅक ऑफ." सगळे मागे सरले. मास्तरही सरले, आणि सरता सरता चिठ्ठीवर लिहून घेतलं: बॅक ऑफ, मागे होणे.

पंधरा दिवसांनी पुस्तिकेत तोच शब्द समोर आला. दाबाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला तर 'बॅक ऑफ द स्क्रू'. परक्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसं त्यांना झालं. त्यांनी वही उघडून पाहिली आणि सुबक अक्षरात पाटी लिहिली: काटा लाल रेषेपलीकडे गेल्यास दाबाच्या स्क्रूपासून मागे व्हा.

त्या प्रेसवर त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनीच शब्द टाकून त्याला कामावर चिकटवला होता. "भावोजींनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं तो सगळ्यांना सांगायचा.

एका मंगळवारी सकाळी काटा लाल रेषेपलीकडे गेला. मेहुणा दोन पावलं मागे झाला आणि उभा राहिला. काटा चढतच गेला. तेलाची नळी फुटली आणि उकळतं तेल त्याच्या तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला.

काटा समोर चढत असताना हा हात बांधून बघत राहिला, असा हलगर्जीपणाचा आरोप कारखान्यानं त्याच्यावर ठेवला. चौकशी पुढच्या आठवड्यात ठरली. ठपका बसला की नोकरी जाणार होती, आणि डोळा गेलेल्या, नाव गेलेल्या माणसाला पुन्हा कुणी यंत्रापाशी उभं केलं नसतं.

बुधवारी मास्तर प्रेसपाशी गेले. म्हातारा फिटर नवी नळी बसवत होता. हाताखालच्या माणसाला म्हणाला, "जास्त आवळलंस. जरा बॅक ऑफ कर."

मास्तर त्याच्याजवळ वाकले. "म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे सैल करायचं. उलटे दोन फेरे. एवढी पुस्तकं वाचता आणि मला विचारता?"

"मागे होणं नाही?"

"मागेच की. स्क्रूनं मागं यायचं. माणूस मागं गेला तर स्क्रू कोण फिरवणार, त्याचा बाप?"

हाताखालचा माणूस हसला. मास्तर टेबलाशी परत आले. पुस्तिकेची एकच प्रत होती, त्यांच्याच खणात. फिटरनं पाटी वाचली नव्हती, त्याला वाचता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिलेला माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता. त्यांनी खणाला कुलूप लावलं.

ते रोज इस्पितळात जात. पांढरी भिंत, लोखंडी खाट, अर्धा चेहरा पट्टीत. मेहुणा डावा डोळा उघडण्याआधीच आवाजावरून त्यांना ओळखायचा.

"भावोजी, पाटीवर होतं तेच केलं ना मी?"

"हो."

"मग झालं. तुम्ही आहात तोवर मला काळजी नाही."

ते 'हो' खरंच होतं. खरं बोलूनही माणूस इतकं लपवू शकतो, हे मास्तरांना त्या खाटेपाशी कळलं. घरी बायको ताट वाढून समोर बसायची. "अहो, तुम्हाला इंग्रजी येतं. साहेबांपुढे माझ्या भावासाठी दोन शब्द बोला."

"बोलेन."

"नुसतं बोलेन नको. जेवत का नाही तुम्ही?"

त्यांनी घास उचलला आणि तो बराच वेळ हातातच राहिला.

आठव्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. लांब टेबल, एका टोकाला कामगार अधिकारी लिहून घेत होते. मेहुणा भिंतीशी बसला होता, त्याला तिथून बरोब्बर अर्धी खोली दिसत होती.

"पाटीवर मागे व्हा लिहिलं होतं, मी झालो," तो म्हणाला.

"मागे व्हा म्हणजे तमाशा बघा नव्हे," मॅनेजर म्हणाले. "मास्तर, मूळ इंग्रजीत काय आहे, वाचा."

मास्तरांनी खणातून आणलेली पुस्तिका उघडून वाचलं, "बॅक ऑफ द स्क्रू."

"म्हणजे मागे व्हा. बरोबरच आहे की. घ्या लिहून, पाटी बरोबर होती."

अधिकाऱ्यांचं पेन कागदावर टेकलं. मास्तर नुसते गप्प बसले असते तरी पुरे होतं. साहेबही त्याच शब्दाला फसले होते, अगदी त्यांच्यासारखेच. चूक मिटली होती आणि तिच्यासोबत मेहुणाही.

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "म्हणजे स्क्रू सैल करा. मी चुकीचं लिहिलं. त्यानं लिहिलेलं पाळलं."

पेन थांबलं. मॅनेजर पुढे वाकले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, तुमची निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. हे कागदावर गेलं तर मी काही करू शकणार नाही."

"लिहा."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. दोष कामगाराचा नाही, पाटी लिहिणाऱ्याचा. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, एके ठिकाणी राहिलेली वेलांटी दिली आणि सही केली.

"भावोजी," मेहुणा भिंतीपासून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पाटी चुकली हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"तो प्रश्न चौकशीत येत नाही," मॅनेजर म्हणाले.

"मला पडलाय," मेहुणा म्हणाला. "भावोजी, इस्पितळात यायचात तेव्हा माहीत होतं?"

त्यानं मान पूर्ण वळवली, डावा डोळा मास्तरांवर येईपर्यंत. मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली, उठले, त्याच्या समोरून दाराकडे गेले आणि बाहेर पडले.