बाभळीची बंडी आणि बुलेट

आमच्या घरात बंडी म्हणजे बैलबंडी. तेलुगूत मात्र सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्याच बंड्या. आमच्या तेलंगणातल्या नार्नूरच्या बाजारात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. घोटाळा झाला तो माझ्या लग्नाच्या वेळी.

मी घरातला पहिला पदवीधर, सरकारी शाळेत नुकताच लागलेला. ती आमच्याच गावच्या दवाखान्यात नर्स, घर बेल्लमपल्लीचं, तेलुगू. तिचे वडील खाणकामगार. आमचं दोघांचं ठरलं होतं, अडलं होतं त्यांच्या होकारावर. मुलीला गावोगावी लस द्यायला जावं लागतं, तेव्हा जावयाकडे गाडी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी थेट माझ्या बाबांना फोन केला.

“लडके के पास बंडी है क्या?”

“है ना! घर की बंडी है,” बाबा म्हणाले.

“कौनसी?”

“बाभूळ की. एकदम मजबूत.”

‘बाभूळ’ ही कुठली नवीन कंपनी असेल, असं वाटल्याचं सासरे पुढे हसत सांगत.

रविवारी ते बुलेटवर आले. माझ्यापेक्षा वयाने मोठी बुलेट, पण टाकी आरशासारखी. बाबांनी कौतुकाने त्यांना गोठ्याकडे नेलं आणि बंडी दाखवली. ते बघतच राहिले. माझ्या खिशात होता फक्त बसचा पास.

बाबांना कशाचाच पत्ता नव्हता. ते लाकूड कुठून आणलं ते सांगत होते. ऐकता ऐकता पाहुणे खाली बसले, आसाला बोट लावून वंगण पाहिलं. “अच्छा रखे,” एवढंच म्हणाले.

मग बाबा बुलेटभोवती फिरले. “ये इतना काऊन चिल्लाती?”

“तुम्हारी क्या चुप रहती? कुरकुर तो वो भी करती.”

खरंच होतं. एक बैलांच्या मनाने चालायची, दुसरी स्वतःच्या. पण वंगणाची नळकांडी आणि टाकी पुसायचं फडकं, दोघांनी सारख्याच मायेने जपलेलं.

पाहुणे माझ्याकडे वळले. “चलाने आती ये बंडी?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “नहीं आती. बाबांनी कासरा कधी हातात दिला नाही. म्हणायचे, तू पुस्तक धर.”

ते बाबांकडे वळले. “मैं भी बच्ची को बुलेट छूने नहीं दिया. बोला, तू पढ.” मग मोठ्याने हसले. “दोनों को पढा पढा के बेकार बना दिये, भाई!”

“आता शिकवू,” बाबा म्हणाले.

पाहुण्यांची अट बदलली: आधी दोघांनी एकमेकांच्या घरची बंडी शिकायची, मग लग्न. ती बाबांजवळ बंडी शिकली. तिच्या एका ‘हो’वर बैल थांबू लागले, तेव्हा बाबा मला म्हणाले, “पाय रे, पोरगी तुयापेक्षा हुशार हाय.”

मी शाळेच्या मैदानात तिच्या वडिलांच्या देखरेखीखाली बुलेटशी झुंजत होतो. दिव्यावरच्या अँमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबायची, मगच लाथ मारायची. घाई केली की ती नडगीवर उलटा फटका द्यायची. एका सकाळी बुलेट धडधडली. मी मैदानाला फेरी मारून त्यांच्यासमोर थांबलो. त्यांनी टाकीवरची धूळ फडक्याने पुसली आणि बाबांना फोन लावला.

“तारीख पक्की करो. और सुनो, बारात में तुम्हारी बंडी लाना. बाभूळवाली.”