नाव नसलेली प्रोसेस आणि आमच्या आबांचा आवाज

अर्जदार : नामदेव मारुती, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा शिरूर येथे कचेरीबाहेरील लिंबाखाली, राहणार कारेगाव.
ज्यांच्याविषयी : अर्जदाराचे वडील मारुती आबा, पूर्वी मेंढपाळ, आता घरीच.
साक्षीदार : पत्नी सुमन, साडू विलासराव, राहणार राहू, तालुका दौंड (फोनवरून), संगणक दुरुस्त करणारा पप्पू, राहणार शिरूर.
घटनेची वेळ : यंदाच्या मार्गशीर्षातील रविवार, भर दुपार, लख्ख ऊन.
विषय : संगणकातील एक प्रोसेस बंद केल्याने जित्याजागत्या माणसाचा आवाज बंद होणे व त्याची दखल कोणीही न घेणे.

मा. वाचक मंडळी यांस,

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी माझ्या हातचा एकही अर्ज भाषेच्या कारणावरून परत आलेला नाही. शेजारणीने करणी केली, विहिरीवर कोणी दिसते... अशा मजकुराचा अर्ज मी आजवर लिहून दिलेला नाही. "पुरावा आणा, मग लिहितो," असे सांगून मी माणसे परत पाठवली आहेत. आज मीच विनापुराव्याचा मजकूर लिहीत आहे, यावरून माझी अवस्था समजून घ्यावी. यात संगणकावरच्या गेममधली शर्यत हरल्याचे दुःख दुय्यम आहे. मुख्य प्रश्न माझ्या वडिलांच्या आवाजाचा आहे.

कंपन्या आल्या, चराईची जागा गेली आणि आबांनी मेंढरे विकली. त्याला बरीच वर्षे झाली. पण आबा दिवसभर ओसरीवर बसून त्या मेंढरांची नावे घेतात. अगदी हलक्या आवाजात — मोरी... बांडी... भुरी... टिकली... बोडकी... क्रम कधी चुकत नाही. कळप संपला की पुन्हा मोरीपासून सुरुवात. हा वेडेपणा नव्हे. मध्येच कोणी बोलले तर आबा थांबतात, चहात साखर कमी पडली म्हणून सुनेला ऐकवतात आणि पुढचे नाव घेतात. सुमनला सगळा कळप तोंडपाठ आहे. आमच्या घरात घड्याळाची टिकटिक असावी तसा तो आवाज आहे. असतो म्हणून कोणी ऐकत नाही.

ओसरीला लागूनच्या खोलीत माझा संगणक आहे. त्यावर मी अर्ज टाइप करतो आणि रविवारी दुपारी विलासरावांशी बैलगाडा शर्यतीचा ऑनलाइन गेम खेळतो. आम्हा नातेवाइकांचा ग्रुप आहे, शिरूर आणि दौंड दोन्हीकडचा. सगळे फोनवर बघत असतात. गेममध्ये दोन जोड्या शेजारीशेजारी पळतात. माझी जोडी मात्र अर्ध्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीत, गोठून उभी राहायची, आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच निघायची. याला लॅग म्हणतात.

एका रविवारी विलासराव सगळ्यांसमोर म्हणाले, "नामदेवराव, बैलं न्हाईत वो तुमची, माकडं हायेत! हिथं दिसत्यात, तिथं निघत्यात. नेटची वायर हलवता का काय?"

"विलासराव, तोंड सांभाळून बोला."

"मी कशाला सांभाळू? तुमचं नेट सांभाळा की!"

ग्रुपवर हसण्याचे पन्नास फोटो पडले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिल्या, त्याच्यावर लबाडीचा आरोप! पुढच्या रविवारी, ऐन खेळाच्या वेळी, मी पप्पूला घरी बोलावले.

पप्पूने टास्क मॅनेजर, म्हणजे चालू कामांची यादी, उघडला आणि मोठ्याने हसला. "मामा, गेमला जागाच कुठं ठिवलीय तुम्ही? मागं सगळा बाजार भरलाय. ह्यो अँटिव्हायरस स्कॅन करतोय, ह्ये अपडेट डाउनलोड व्हतंय, प्रिंटरवाला निस्ताच बसलाय... ह्यास्नी बॅकग्राउंडच्या प्रोसेसा म्हणत्यात. दिसत न्हाईत, पण खात्यात."

त्याने एकेक बंद केली. तरी लॅग कायम. शेवटी यादीच्या तळाशी एक ओळ राहिली. तिला नावच नव्हते. नावाची जागा कोरी, पण निम्म्याहून अधिक ताकद तीच खात होती. पप्पूने मान वाकडी करून पाहिले, म्हणाला, "ही कोण बया?" आणि एंड टास्क दाबले.

जोडी वाऱ्यासारखी सुटली. मी विलासरावांना दोन गाड्यांच्या अंतराने हरवले, आणि खरे सांगतो, खुर्चीवरून उठून ओरडलो. तेवढ्यात सुमन दारात आली. तिच्या हाताला पीठ तसेच होते.

"अवो... आबा गप का झाले?"

तेव्हा मला ती शांतता ऐकू आली. आबा ओसरीवर ताठ बसले होते, तोंड किंचित उघडे, 'भुरी' म्हणून झाले होते आणि पुढचे नाव ओठांवर आले नव्हते. हाक मारली, हलवले, पाणी पाजले. पाणी प्याले. पण डोळ्यांत ओळख नव्हती. माझ्याकडे असे पाहिले, जसे बाजारात अनोळखी माणसाकडे पाहतात. शिरूरहून डॉक्टर आले, नाडी-दाब सगळे ठीक म्हणाले, "वयोमान" म्हणाले आणि गेले.

मी सुन्न होऊन खोलीत आलो. काही सुचेना म्हणून संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, एवढेच. यादीत ती कोरी ओळ परत आली होती. आणि ओसरीवरून आवाज आला : "टिकली... बोडकी..."

जिथे तुटले तिथूनच पुढे. नंतर आबांनी विचारले, "च्या झाला का?"

शर्यत सुरू होताच पप्पू पैसे घेऊन गेला होता; मी त्याला पुन्हा बोलावले. त्याचे म्हणणे असे, की संगणकाच्या माइकला आबांचा आवाज लागतो, म्हणून ती प्रोसेस चढते. उत्तम. पण माझा साधा प्रश्न होता : आबांमुळे प्रोसेस चढेल, प्रोसेस बंद केल्याने आबा का बंद पडावेत? शिवाय माइकची वायर उंदराने कधीच कुरतडली आहे. हे ऐकून तो चिडला. "योगायोग असतो मामा. थांबा, दावतोच तुम्हाला." मी "नको" म्हणेपर्यंत त्याने दुसऱ्यांदा एंड टास्क दाबले.

आबा पुन्हा थांबले. पप्पूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने स्वतःच घाईघाईने संगणक रीस्टार्ट केला. या वेळी आबा सुरू व्हायला फार वेळ लागला. आणि सुरू झाले तेव्हा सुमन एकदम माझा दंड धरून म्हणाली, "ऐका... ऐका की."

मोरी... बांडी... भुरी... बोडकी...

टिकली नव्हती.

मी आबांच्या पुढ्यात बसलो. "आबा, टिकली कुठं गेली?"

"कंची टिकली?"

"आपली मेंढी. कपाळावर पांढरं होतं ती. तुम्ही पावसात खांद्यावर घेऊन आला होता, लहान असताना."

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग समजावल्यासारखे म्हणाले, "असली मेंढी न्हवती बाळा आपल्याकडं."

त्या दिवसापासून आजपर्यंत टिकली आलेली नाही. पप्पूही आलेला नाही. फोन केला की त्याची बायको "गावाला गेलेत" म्हणते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. संगणक रीतसर बंद केला तर आबांना काही होत नाही. लाइट गेली तरी होत नाही. ती एक ओळ माणसाने हाताने मारली, तरच होते. याचे कारण मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवे त्यांनाही नाही. गेमवाल्यांच्या कंपनीला लिहिले, तर 'बॅकग्राउंड अ‍ॅप बंद करून पाहा' असे छापील उत्तर आले. विलासरावांना फोनवर सगळे सांगितले, तर ते म्हणाले, "हरायचं तर हरा वो, त्यात काय लाज? पर म्हाताऱ्या माणसाच्या नावावर कशाला ढकलता?" आणि मला ग्रुपमधून काढले. वाचकहो, मी विलासरावांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढले आहे!

असो. हरणे मी पत्करले आहे. माझी जोडी घाटात उभी राहते, राहू दे. पण गेल्या आठवड्यापासून पडद्यावर नवीनच सूचना येते : नव्या अपडेटनंतर संगणक वेगवान होईल व अनावश्यक प्रोसेस आपोआप काढून टाकल्या जातील. मी रोज 'नंतर' दाबत होतो. काल 'नंतर'चे बटण गेले. नेटची वायर काढून ठेवली आहे. अर्ज हाताने लिहितो. ओसरीवर बोडकी चालू आहे.

तरी, या विषयातील जाणकारांनी ती कोरी ओळ कशाची आहे आणि ती अपडेटमधून कशी वाचवावी, याचे लेखी उत्तर विनाविलंब द्यावे, ही विनंती. 'योगायोग' व 'वयोमान' ही दोन उत्तरे अर्जदारास मिळालेली आहेत, ती पुन्हा पाठवू नयेत. आणि ज्या कोणी ती सूचना तयार केली आहे, त्याने एकदा कारेगावला यावे. आबांच्या समोर ओसरीवर बसावे, पूर्ण कळप शांतपणे ऐकावा, आणि यातले अनावश्यक काय, ते त्यांच्या तोंडावर सांगावे.

अर्जदार,
नामदेव मारुती