नाव नसलेली चिठ्ठी

मुलाणी हवालदारांकडे कुणी काही सांगायला गेलं, की ते आधी खुर्ची फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा सरळसरळ अपमान वाटला. शाळेची पितळी घंटा चोरीला गेली होती, आणि गावातल्या दोन पिढ्यांना बाराखडी गिरवायला लावलेला मी त्या माणसाच्या पाठीशी बोलत होतो.

"हवालदार, मी इकडे आहे," मी म्हणालो.

"व्हय गुरुजी, ठावं हाय. पण सवय पडलीया. माणूस पाठीला खरं सांगतंय, तोंडाला भितंय."

मग वळून त्यांनी तक्रार लिहून घेतली. मी अक्षर पाहिलं. एकाही अक्षरावर रेघ नाही! मी न राहवून म्हणालो, "अहो, अक्षरांना डोकी तरी द्या."

"डोकी आली की भानगडी आल्या, गुरुजी," ते हसून म्हणाले. घंटा काही सापडली नाही. शाळा पुढे रुळाच्या तुकड्यावर भरायला लागली.

शिराळ्याकडचं आमचं गाव तसं लहान. तिथं सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि विचारलं की कुणालाच काही ठाऊक नसायचं. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात नदीकाठच्या विहिरींवरून पाण्याच्या चार मोटारी गेल्या. आळ आला सादूनानावर, कारण तो तिथला रखवालदार. त्याला आत घेतलं. त्याची पोरगी सातवीत माझ्या वर्गात होती, तिनं शाळेत येणंच बंद केलं. मला वाईट वाटलं, पण गावासारखाच मीही गप्प बसलो.

मुलाणींचा मात्र विश्वास बसेना. "मोटार उचलाय चार गडी लागत्यात. ह्यो सादू पाण्याची घागर उचलताना धापा टाकतोय," ते म्हणायचे. "गावाला ठावं हाय कोण ते. पण चौकीची पायरी चढलेलं माणूस समद्या गावाला दिसतंय. मग सांगायचं कुणी?"

यावर त्यांनी तोड काढली ती आमच्या पिठाच्या गिरणीत. दळणाच्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी खोचलेली असे: नाव, आणि खाली 'बारीक' किंवा 'भाकरीचं'. दळून झालं की ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी काढून कोपऱ्यातल्या एका रिकाम्या तुपाच्या डब्यात टाकायची. मुलाणी दर रविवारी तो डबा न्हाणीचा बंब पेटवायला म्हणून घरी न्यायला लागले. आणि पारावर, तालमीत, मशिदीपुढं, जिथं चार माणसं भेटतील तिथं एवढंच सांगत सुटले, "डब्यातली नाव नसलेली चिठ्ठी माझी."

गाव हसलं. मीही हसलो. गिरणीत हातात चिठ्ठी घेऊन तर सगळेच उभे असतात, त्यात कोण काय टाकतं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही, ही त्यातली गोम माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. तिसऱ्या रविवारनंतर मुलाणींनी एका वजनदार पुढाऱ्याच्या गुऱ्हाळामागची पाचटाची गंजी उपसली. खाली चारही मोटारी होत्या. नंबर मालकांच्या पावत्यांशी जुळले आणि सादूनाना सुटून आला. दुसऱ्या दिवशी त्याची पोरगी पहिल्या बाकावर येऊन बसली तेव्हा मला फळ्याकडे तोंड करावं लागलं.

पुढारी गप्प बसणारा नव्हता. मोटारी हवालदारानंच ठेवल्या, चिठ्ठीही त्यानंच लिहिली, अशी त्यानं वर तक्रार केली. चौकशीला मोठे साहेब आले आणि त्यांनी मला बोलावलं. गावातलं कुठलंही अक्षर मी ओळखतो, ही माझी ख्याती. गिरणीत चहाच्या पैजा लावून मी ती स्वतःच वाढवलेली. साहेबांनी चिठ्ठी पुढं केली. 'गुऱ्हाळामागं पाचटाच्या गंजीत बघा.' एवढंच. एकाही अक्षरावर रेघ नाही.

"हे तर मुलाणी हवालदारांचं अक्षर!" मी पटकन बोलून गेलो. वर्गात पहिला हात वर करणाऱ्या पोराला होतो तसा आनंद मला झाला होता. तो पुरता ओसरायच्या आत पुढाऱ्याचा चेहरा फुललेला दिसला, आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं.

"मूळ चिठ्ठी कुठाय?" साहेबांनी बाजूला उभ्या असलेल्या मुलाणींना विचारलं.

"नक्कल करून बंबात घातली, साहेब."

"दिली कुणी?"

"बगितलं न्हाई."

महिन्याभरात मुलाणींची बदली झाली, पार खंडाळ्याला. एसटीत ट्रंक चढवताना मी खाली मान घालून म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे. पण नक्कल कशाला केलीत? मूळ चिठ्ठी दाखवली असती तर तुम्ही सुटला असता."

"मी सुटलो असतो, गुरुजी. पण ती तुमच्याच म्होरं आली असती की. गावातली समदी अक्षरं तुमच्या हातची. तुमी वळखलं असतं आनि आनंदानं नावबी सांगितलं असतं." आवाजात राग अजिबात नव्हता, त्यामुळं मला ते जास्तच लागलं.

"पण होती कुणाची?" मी तरीही विचारलं. जित्याची खोड! मुलाणी माझ्याकडे पाठ करून ट्रंक सरकवत राहिले.

तो प्रश्न मला पुढं कितीतरी वर्षं कुरतडत होता. वहीतलं एखादं वळणदार अक्षर दिसलं की वाटायचं, हेच असेल का? मध्येच कधीतरी मुलाणी गेल्याची बातमी आली. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

निवृत्तीनंतर एकदा सांगलीच्या स्टँडवर बसलो होतो. पाठीला पाठ लावलेले ते बाक. मागच्या बाजूनं बाईचा आवाज आला, "गुरुजी, वळू नगा. ती गिरणीतली चिठ्ठी मी टाकली हुती. माझ्याच घरातलं मानूस हुतं त्यात. हवालदारमामांनी कुनाला सांगितलं का वं? अजून भ्या वाटतंय."

मान नुसती तिरकी केली असती तरी पुरे होतं. माझीच विद्यार्थिनी, चेहरा लगेच ओळखला असता. मी समोरच्या वेळापत्रकाच्या पाटीवर डोळे रोवले.

"त्यांनाच माहीत नव्हतं, बाई. त्यांनी बघितलंच नाही," मी म्हणालो. "आणि मलाही माहीत नाही."

मागे एक हुंदका ऐकू आला, मग बांगड्या वाजल्या. शिराळ्याची गाडी लागली. माझीही तीच गाडी होती. ती सुटून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी पाटी वाचत बसलो.