एक्सेल, डॅशबोर्ड आणि काट्यावर बसलेला मी

ठक्क!

आलापल्लीच्या सागवान डेपोत ओंडक्यावर शिक्क्याचा हातोडा पडायचा, तो आवाज अजून कानात आहे. मी तेव्हा कोवळा मजूर होतो. हातोडा पडला की ओंडक्याचा नंबर ओरडायचा, एवढंच माझं काम. पण मी बोलतो हळू. माझा नंबर पुरा होण्याआधी पुढच्या ओंडक्यावर ठक्क! लिहिणारा बाबू डोक्याला हात लावून बसायचा. म्हणजे डेटाचा घोळ घालायची माझी सवय जुनीच आहे.

आता म्हातारपणी मी विलासच्या दुकानात काट्यावर असतो. आसपासच्या गावांतून मध, मोहफूल, हिरडा, चारोळी येते, ती तोलतो. शाळा चौथीत सुटली. तरी दुकानात एक्सेल ठेवायची की डॅशबोर्ड घ्यायचा, या भांडणात मी असा काही अडकलो की किस्सेच किस्से झाले. आमच्या गोदामातल्या पोत्यांसारखं आहे ते. खालचं एक ओढलं की वरची सगळी अंगावर येतात. तर ओढतोच!

०

दुकानाची सगळी माहिती रुखसानाच्या एक्सेलमध्ये असते. मधाची ओळ पिवळी, हिरड्याची हिरवी, मोहाची फिकट गुलाबी. रुखसानाच्या नवऱ्याचं शिलाईचं काम रेडीमेड कपड्यांनी बुडवलं, तेव्हापासून घर तिच्या पगारावर चालतं.

तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. टाइप करताना टेबल डुगडुगतं.

"विलास भाऊ, पायाखाली काई तरी लावा ना!" ती म्हणते.

"लावतो, लावतो," विलास म्हणतो. हे संभाषण टेबलाइतकंच जुनं आहे.

एका दुपारी ती जेवायला घरी गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो. सहज. गावांची नावं ओळीने लागलेली बघावी असं मनात आलं. ती लावायचं बटण मी तिला दाबताना पाहिलं होतं. दाबलं. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजीत विचारणाऱ्याला 'हो' म्हणून मोकळं व्हावं, हे मी डेपोत शिकलो होतो. म्हटलं हो!

गावं हलली. माल होता तिथेच राहिला!

तीच यादी घेऊन टेम्पो निघाला. चंद्रपूरच्या वैद्याकडे जायची हिरड्याची पावडर गेली कोरपन्याच्या खानावळीत, आणि खानावळीचा मध गेला वैद्याकडे. खानावळवाल्याला वाटलं, विलासने नवीन मसाला पाठवला. त्याने तो भाजीत टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "विलास भाऊ, माह्ये गिऱ्हाईक जेवता जेवता उठले ते वापसच नाई आले! आता साऱ्याईची एकाच दरवाजासमोर लाइन लागून हाय!"

वैद्याची मात्र काही तक्रार आली नाही.

रुखसाना मला एवढंच म्हणाली, "भाऊ, ये मशीन है, मोहाचं पोतं नाई. काऊन हात लावता?"

०

पण विलास घाबरला. "एक्सेलचा काई भरोसा नाई," म्हणत त्याने नागपूरहून एका कंपनीचा पोरगेला माणूस बोलावला. टाय लावलेला, भर उन्हात!

त्याने स्क्रीनवर डॅशबोर्ड दाखवला. एक रंगीत गोल, कापलेल्या टरबुजासारखा. काही उभे खांब. आणि स्कूटरला असतो तसा काट्याचा मीटर.

"याच्यात काही भरावंच लागत नाही," तो म्हणाला. "वजनकाटा जोडला की माहिती आपोआप येते. वेगळा माणूस लागत नाही."

रुखसाना सगळ्यांना चहा देत होती. टायवाल्याच्या कपात ओतता ओतता तिचा हात थांबला. मग तिने तोही कप भरला.

मला फार वाईट वाटलं. बटण मी दाबलं होतं!

०

डॅशबोर्ड ट्रायलवर लागला. पहिल्याच सकाळी मी पाहिलं तर मोहाच्या मीटरचा काटा लाल रंगात! खाली चमकणारा लाल दिवा. आमच्या गोदामात वाळलेला माल, एक ठिणगी पुरे. मी ओरडत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. दोन्ही खोल्या, पंखे, फ्रीज, सगळं बंद!

विलास धावत आला. "काय झालं?"

"मोहाले आग लागली!"

"भाऊ, हंगाम संपला म्हणून लाल हाय ते!"

०

पण माझी खरी कर्तबगारी पुढेच आहे.

काट्यावर काम करणाऱ्या माणसाला एक सवय असते. गर्दी ओसरली की तो काट्यावरच बसतो. बसायला सपाट, टेकायला मागे दांडा, यापेक्षा चांगली खुर्ची आमच्या धंद्यात नाही. मी रोज जेवण झालं की तिथे बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो.

टायवाला काही दिवसांनी आला. डॅशबोर्ड उघडून खूश झाला. "सर, तुमचा ट्रेंड बघा! दुपारी जेवणानंतर मधाची आवक एकदम वाढते. रोज, न चुकता!"

विलासने तो खांब पाहिला. उंच, पिवळा, गावातल्या कुठल्याही घरापेक्षा सरळ उभा. त्याने लगेच दुपारचा टेम्पो ठरवला, डबे मागवले, चंद्रपूरच्या व्यापाऱ्याला फोनही केला, "माल वाढून राह्यला, भाऊ!"

मैनाबाई तेव्हा मध घेऊन आली होती. ती जंगलातून मध आणते आणि बोलते मोजकंच. तिने आधी स्क्रीन पाहिली, मग मला पाहिलं. मी काट्यावर बसून खर्रा घोटत होतो. काट्यावर सकाळचं 'मध' हे बटण तसंच दाबलेलं होतं.

"विलास भाऊ," ती म्हणाली, "तुमचा मध खर्रा खाऊन राह्यला!"

सगळे हसून लोटपोट झाले. रुखसानाने तर तोंडाला ओढणी लावली. खूप दिवसांनी हसली ती.

विलासला मात्र व्यापाऱ्याला परत फोन करावा लागला. मला त्याने विचारलं, "भाऊ, तुमी काऊन नाई सांगितलं?"

"सांगतच होतो..." मी म्हणालो.

"हो, भाऊचं वाक्य लोड होऊन राह्यलं होतं!" विलास म्हणाला.

०

एक्सेलही काही कमी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. एकदा विलासने मागच्या हंगामाची फाइल मागितली. कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' अशा तीन निघाल्या.

"खरी कोणती?"

"फायनल खरी नाई," रुखसाना म्हणाली. "तिच्या वरची."

आणि पावसात नेटवर्क गेलं की डॅशबोर्डवर नुसतं एक चाक फिरायचं. मैनाबाईला वाटलं, तोही काहीतरी तोलतोच आहे.

शेवटी विलास वैतागला. एका सकाळी त्याने सगळ्यांना बोलावलं. हातात कंपनीचं कोटेशन, जाड कागदाचं, रंगीत.

"उद्या फैसला," तो म्हणाला. "तुळशीराम भाऊले जे समजन, ते ठेवू. त्याईले समजलं तं जगात कोणालेबी समजन!"

दुकानात माझी अशी इज्जत!

आता खरी गोष्ट सांगतो. मला डॅशबोर्ड समजायचा. पिवळा खांब मध, हिरवा हिरडा, यात काय कठीण? एक्सेलचे मात्र बारीक आकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण रुखसाना त्या सकाळी टेबलाच्या खणातून आपली टिकलीएवढी आरशी, सुईदोरा आणि वेलदोड्याची डबी काढून पिशवीत भरत होती.

मी तिला म्हटलं, "बेटा, तुह्या कागदाची एक छापील प्रत दे. पुडी बांधाले पाहिजे."

घरी बसून मी तो कागद पाठ केला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बायको म्हणाली, "लग्नात मंगलाष्टकबी एवढ्या ध्यानानं नाई ऐकलं तुमी!"

दुसऱ्या दिवशी आधी डॅशबोर्ड लावला.

"भाऊ, काय दिसते?"

"टरबूज," मी म्हणालो.

"अजून?"

"कापलेलं टरबूज."

टायवाल्याने कपाळ पुसलं. मग विलासने एक्सेल उघडली. मी चष्मा लावलाच नाही. गरज काय? स्क्रीनवर बोट ठेवलं आणि सुरू झालो. मुलचेरा, हिरडा, इतका. आलापल्ली, मध, इतका. कधी नव्हे इतका भरभर! मध्येच डोक्यावरचा पंखा थांबला, ते मला जाणवलं. पण मनात म्हटलं, आता थांबलो तर विसरीन. घाम पुसत तसाच खाली खाली गेलो.

"भाऊ..." रुखसाना हळूच म्हणाली.

"थांब बेटा, चारोळी राह्यली!"

चारोळीही म्हटली. मग सगळ्यांची तोंडं बघावी म्हणून चष्मा लावला. लाइट गेली होती. समोरच्या काळ्या काचेत माझं बोट होतं आणि बोटाच्या मागे माझंच तोंड.

विलासने काचेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. टेबलाखाली ठेवलेल्या रुखसानाच्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग हातातल्या कोटेशनची घडी घातली, घडीची घडी घातली, खाली वाकला, ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली, टेबल एकदा हलवून बघितलं आणि निघून गेला.