जॅक लागलाच नव्हता

आयुष्यात मी एकाच माणसावर सूड उगवला. तो आमचा फोरमन होता. पन्नाशीचा, उन्हाने मान लालबुंद झालेला अमेरिकन. मोटारींच्या शर्यतींचं वेड मला त्यानेच लावलं होतं, आणि सूडही मी त्याच शर्यतींवरून उगवला.

सौदीत दम्मामहून कतीफकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. तिथे ट्रक, टँकर, बुलडोझर दुरुस्तीला यायचे. मी रत्नागिरीकडचा, शाळा सुटल्यापासून गॅरेजात वाढलेला. मेकॅनिक म्हणून आलो आणि इंग्रजी वाचता येतं म्हणून पुढे स्पेअर पार्ट्सच्या खोलीवर बसलो. कतीफमध्ये एका खोलीत राहायचो, गावाकडच्याच एका म्हाताऱ्या वेल्डरबरोबर. त्यांना सगळे चाचाच म्हणायचे.

गुरुवारी अर्धा दिवस काम, शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवण झालं की फोरमन आपल्या पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, अमेरिकेतल्या शर्यतींच्या कॅसेट लावायचा. त्याची बहीण टीव्हीवरून रेकॉर्ड करून त्या पाठवायची. ज्याला यायचं तो येऊन बसे. पहिल्या वेळी मला वाटलं, यात बघायचं काय? अंडाकृती रस्ता, चाळीस गाड्या, आणि सगळ्या नुसत्या डावीकडे वळतायत. तीन तास डावीकडे! मी हसलो तसा तो माझ्याजवळ येऊन बसला.

"उजवीकडचे टायर बघ," तो म्हणाला. "डावीकडच्यापेक्षा किंचित मोठे आहेत. गाडी मुद्दाम वाकडी बांधलेली असते. सरळ रस्त्यावर चालवलीस तर ती आपणहून डावीकडे ओढेल."

मेकॅनिकला एवढं पुरे असतं. त्या दिवसापासून मी एकही गुरुवार चुकवला नाही. गाडीची दारं झाळून बंद केलेली असतात, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो, हे मला कळलं. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहिलं की हवा ती कापते आणि मागच्याचं इंजिन हलकं चालतं, हे कळलं. त्या जुन्या ड्रायव्हरांचे चेहरे मला घरच्या माणसांसारखे ओळखू यायला लागले. बाप आणि मुलगा एकाच शर्यतीत उतरलेले मी पाहिले. भिंतीवर आपटून तीन कोलांट्या खाल्लेल्या गाडीतून बाहेर येऊन, हातात हेल्मेट घेऊन चालत घरी निघालेला माणूसही पाहिला.

माझा आवडता एक पिवळ्या गाडीवाला होता. चाळिशी उलटलेला, काटकुळा, एक डोळा बारीक करून बघणारा. फोरमनचाही तोच आवडता. कारण, फोरमन सांगायचा, आखातात यायच्या आधी तो त्या माणसाच्या टोळीत होता. शर्यतीच्या मध्ये गाडी थांबली की टोळीतली माणसं भिंत ओलांडून धावतात, कुणी पेट्रोल भरतो, कुणी टायर बदलतो. फोरमन म्हणे जॅक मारायचा. त्याच्याकडे पिवळ्या गाडीने जिंकलेल्या एका शर्यतीची कॅसेट होती. तिच्या शेवटच्या वीस फेऱ्या लावून तो सांगायचा, "याच्या आधीच्या थांब्याला मी जॅक मारला. एका दमात गाडी वर. चारही टायर बदलले आम्ही. म्हणून जिंकला तो."

कॅसेट सांभाळणं माझ्याकडे असे. धूळ फार, म्हणून मीच त्या पुसायचो, रिवाइंड करायचो, चालतायत का ते लावून बघायचो. एकदा मी ती शर्यत पहिल्यापासून पाहिली. तो थांबा त्यात होता. पिवळी गाडी आली, एकाने पेट्रोलचा कॅन ओतला आणि गाडी निघून गेली. टायर बदललेच नाहीत. जॅक लागलाच नव्हता. बाकीच्यांनी टायर बदलण्यात वेळ घालवला आणि हा झिजलेल्या टायरांवर पुढे निघाला, म्हणून तर जिंकला! मी पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. टोळीतली माणसंही स्पष्ट दिसत होती. त्यात आमचा फोरमन नव्हता.

मी कुणाला बोललो नाही. गोष्ट चांगली सांगायचा तो, आणि मला ती ऐकायला आवडायची.

मग इराकने कुवेत घेतलं. आमच्या रस्त्यावरून मातकट रंगाच्या लष्करी गाड्यांची रांग संपेना. कितीतरी लोक घरी निघाले. मी थांबलो, चाचा थांबले. लढाई आता होणारच असं झालं तेव्हा कंपनीत विषारी वायूपासून वाचायचे मास्क आले. वाटायचं काम फोरमनकडे होतं.

मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तसं त्याने माझ्या दाढीकडे बघितलं.

"तुला देऊन उपयोग नाही. दाढीवर मास्क चिकटत नाही, हवा आत जाते. दाढी काढ, मग ये."

ती दाढी मी दोन वर्षांपूर्वी अब्बांना हजला घेऊन गेलो तेव्हापासून ठेवली होती. अब्बांनी त्या दिवशी माझ्या गालावरून हात फिरवला होता. संध्याकाळी मी खोलीवर आरशासमोर बसलो. चाचांनी कात्री घेतली, पण हात पुढे करेनात.

"अब्बांना काय सांगशील?"

"जिवंत राहिलो तर काहीतरी सांगीन, चाचा."

त्यांनी दाढी कातरली, वस्तरा फिरवला.  सकाळी गुळगुळीत गाल घेऊन मी फोरमनसमोर गेलो. त्याने मला आधी ओळखलंच नाही. मग तो खो खो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, कोंबडी सोलल्यासारखा दिसतोय!" आणि मला दोन्ही हात झटकून दाखवले.

"मास्क संपले. खलास."

मी तसाच उभा. ज्यांना मिळाले होते त्यांतल्या दोघांना दाढ्या होत्या. ते त्याच्या देशाचे होते.

लढाई सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी काम आवरताना हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. ट्रकच्या खाली उतरायला जो खड्डा असतो त्यात मी आणि चाचा ओले टॉवेल तोंडाला बांधून बसलो. वरती फोरमन मास्क घालून उभा होता. काचेतून त्याचे डोळे दिसत होते आणि तो हाताने आम्हाला खाली वाका, खाली वाका म्हणून खुणावत होता. लांब कुठेतरी धडाका झाला. चाचा कलमा पुटपुटत होते. मी पुटपुटत नव्हतो. मी त्या काचेकडे बघत होतो.

तरीही मी त्याला माफ केलं असतं कदाचित. नसले मास्क तर नसले. पण त्यानंतरच्या आठवड्यात कॅसेट ठेवायला फोरमनच्या कॅबिनमधलं कपाट उघडलं तर खालच्या फळीवर, वर्तमानपत्राखाली, दोन मास्क होते. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.  मी वर्तमानपत्र होतं तसं ठेवलं आणि कपाट बंद केलं. तिथेच ते मास्क घेऊन ओरडलो असतो तर त्याने मला चोर ठरवून दोन दिवसांत विमानात बसवलं असतं. मला साक्षीदार पाहिजे होते, आणि ते त्याच्या लोकांपैकी पाहिजे होते.

ते त्यानेच बोलावले. अमेरिकन फौजेचे काही ट्रक आमच्याकडे दुरुस्तीला येत असत. त्यांच्याबरोबर एक सार्जंट यायचा, करड्या मिशांचा, शांत बोलणारा. घरी त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तो फोरमनच्याच राज्यातला निघाला आणि शर्यतींचा भक्त निघाला. फोरमनने त्याला आणि त्याच्या तीन शिपायांना गुरुवारी दुपारी बोलावलं.

त्या दुपारी ते जे बोलले ते मी आजही विसरलेलो नाही. सार्जंट सांगत होता, लहानपणी त्याचे वडील त्याला वळणाजवळच्या स्वस्त बाकांवर घेऊन बसायचे. गाड्या वळल्या की जळक्या रबराचे बारीक तुकडे उडून लोकांच्या केसांत, तळलेल्या कोंबडीच्या डब्यात पडायचे. घरी गेल्यावर आई त्याचं डोकं धुवायची तर पाणी काळं निघायचं. दोन दिवस कानांत आवाज राहायचा आणि तो जाऊ नये असं त्याला वाटायचं. शिपाई पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मी पण.

मग फोरमनने पिवळ्या गाडीची कॅसेट लावायला सांगितली. शेवटच्या वीस फेऱ्या. आणि सुरू केलं: "याच्या आधीच्या थांब्याला जॅक मी मारला होता."

सार्जंट खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही? त्या दिवशी मी तिथे होतो! वडिलांबरोबर!"

"एका दमात गाडी वर. चारही टायर," फोरमन म्हणाला.

सार्जंटच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी जुळत नव्हतं त्याला, पण पाहुणा म्हणून तो गप्प राहिला. मी उठलो. माझा आवाज अगदी गोड होता.

"सर, तो थांबा कॅसेटवर आहे. दाखवू का पाहुण्यांना? तुम्ही तेव्हा कसे दिसायचात ते बघू दे त्यांना."

"नको, आता पुढेच बघू."

"दाखव की," एक शिपाई म्हणाला.

जागा मला पाठ होती. मी टेप मागे नेली आणि सोडली. पिवळी गाडी आली. पेट्रोल ओतलं. गाडी गेली.  मी पुन्हा मागे घेतली, पुन्हा सोडली.

"सर, जॅक कुठे आहे?" मी विचारलं.

शिपायांमधला एक फिसकन हसला. फोरमनची मान होती त्याहून लाल झाली. "मी भिंतीच्या मागे होतो," तो म्हणाला.

"टायर बदललेच नाहीत त्याने," सार्जंट हळू म्हणाला. "म्हणून तर माझे वडील आनंदाने रडले होते त्या दिवशी. तुम्ही नक्की कुठे होतात?"

फोरमन टीव्हीकडे वळला. मग म्हणाला, "बाकांवर. कोल्ड ड्रिंक विकत होतो."

इथे मी थांबू शकलो असतो. माझा थांबायचा विचार नव्हता. मी कपाट उघडलं, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि ती दोन पाकिटं सार्जंटच्या समोर टेबलावर ठेवली.

"आणि हे, सर? हे पण खलास झाले होते. मला तुम्ही दाढी काढायला लावली होती."

मी सार्जंटला सगळं सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी अडखळलं नाही. त्याने फोरमनला एकच विचारलं, "हे खरं आहे?" फोरमन वाकून कॅसेट काढायला लागला. सार्जंटने एक पाकीट फोडलं, मला समोर बसवलं, पट्टे कसे ओढायचे, श्वास सोडून आतली हवा कशी बाहेर काढायची, ते दोनदा करवून घेतलं. दुसरं पाकीट चाचांना द्यायला सांगितलं. मग तो आणि त्याची पोरं चहा अर्धा टाकून निघून गेली.

असं झाल्यावर माणसाला वाईट वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. मी खोलीवर जाऊन पोटभर जेवलो. चाचांना सगळं सांगितलं तर ते दुसरं पाकीट मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "मास्क मागून घेतलास ते बरोबर केलंस. पण ती कोल्ड ड्रिंकची गोष्ट चारचौघांत काढायची गरज नव्हती."

"होती, चाचा," मी म्हणालो. "माझ्या दाढीवरून तो चारचौघांतच हसला ना?"

फोरमनने मला पार्ट्सच्या खोलीवरून उचलून ट्रक धुवायला लावलं. उन्हात, रबरी बूट घालून. गुरुवारच्या कॅसेट बंद झाल्या, आणि ते मला त्या कामापेक्षा जास्त लागलं. लढाई लवकरच संपली. सार्जंट परत आला नाही. उन्हाळ्यात फोरमनचं काँट्रॅक्ट संपलं. जायच्या दिवशी त्याने सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापाशी येऊन तो थांबला. मी एका टँकरची चाकं धूत होतो. त्याने बहुधा काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. मी पाण्याचा पाइप बंद केला नाही. पाण्याच्या आवाजात तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढे मी रियाधला, अल मलाझमध्ये, स्पेअर पार्ट्सच्या दुकानात लागलो. तिथे एखादा अमेरिकन गिऱ्हाईक आला की मी शर्यतींचं बोलणं काढायचो. पिवळ्या गाडीवाल्याचं नाव घेतलं की त्यांचे चेहरे उजळायचे आणि ते आपापल्या आठवणी सांगायला लागायचे. मीही माझी सांगायचो. त्या शर्यतीत एक माणूस बाकांमधून कोल्ड ड्रिंक विकत हिंडत होता आणि पुढे आमचा फोरमन झाला, तिथून सुरुवात करायचो आणि एकही गोष्ट गाळायचो नाही.