तालमीतली नऊ पिंपं

ती नऊ पिंपं आणि त्यांचा उग्र वास मी अजून विसरलेलो नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण माझा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुष्काळ सरून दोन-एक वर्षं झाली होती. सांगलीजवळ माधवनगरच्या बाजूला एका चौकीवर मी जमादार होतो. हाकेच्या अंतरावर कापड रंगवायचा एक कारखाना बंद पडला होता. ती जागा एका ठेकेदारानं गोदामं बांधायला घेतली. आवारात रसायनाची जुनी पिंपं गंजत पडलेली, आणि मागच्या गल्लीची विहीर आवाराच्या भिंतीला लागूनच. गल्लीचं म्हणणं होतं, आधी ही घाण उचला, मग बांधा, आणि थोडी जागा दवाखान्याला सोडा. सह्या-अंगठे घेऊन त्यांनी कचेरीत अर्जावर अर्ज दिले. उत्तर ठरलेलं, "पिंपं रिकामी आहेत, असा ठेकेदाराचा लेखी खुलासा आहे."

एका सकाळी ठेकेदाराचा मॅनेजर चौकीत आला. आदल्या दुपारी वॉचमन जेवायला गेला तेवढ्यात नऊ पिंपं गेली म्हणाला. "गल्लीवाल्यांचंच काम हाय. एकेकाला आत घाला, जमादार. लय माजल्यात." मी फिर्याद लिहिली आणि त्याची सही घेतली.

तासाभरात गल्लीतली अक्का हजर. नवरा लढाईत कामी आलेला, गल्ली तिच्या शब्दाबाहेर नव्हती.

"जमादारसाहेब, पिंपं आमच्या तालमीत हायती. येताना दोन पंच आना. आन् सील करायची लाख इसरू नगा."

लाख आणायला सांगणारा खबऱ्या मला तोवर भेटला नव्हता.

तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं नऊ पिंपं ओळीत उभी होती. एक हलवून बघितलं. आत डुचमळलं. जवळच म्हातारा रंगारी बसला होता, त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्याच कारखान्यात जन्म काढलेला, नखं निळीच राहिली होती.

"कुणी चोरली?"

"मी."

"एकट्यानं? एक पिंप उचलायला चार माणसं लागत्यात."

"आसतील की. बाकीच्यांची तोंडं ध्यानात न्हाईत. म्हातारपण, साहेब."

दारातल्या पोरांत हशा पिकला. "ज्याला हसू येतंय त्यानं पुढं यावं," मी दरडावलं. एक दांडगा गडी निघाला, तोच अक्कानं त्याला दंडाला धरून मागं ओढला. "तू गप ऱ्हा रं. पुढच्या म्हैन्यात भरती हाय तुजी."

फौजेच्या भरतीला गल्लीतली बरीच पोरं उभी राहणार होती. पोलिसात नाव चढलं की तो रस्ता बंद. म्हणून नाव एकट्या म्हाताऱ्याचं.

चौकीवर चाचाला चहा दिला. "चाचा, चोरीचा माल कुणी असा मांडून ठेवत न्हाई. खरं काय ते बोला."

"सोमवारी मुरमाच्या गाड्या येनार, साहेब. पिंपं खड्ड्यात ढकलून वर मुरूम टाकनार. उद्या आतलं रसायन हिरीत उतरलं तर इचारायचं कुनाला? अर्जावर कोन बघाया आलं न्हाई. चोरीवर तुमी आलासा. आता बघितलासा ते लिवा."

तेव्हा मला उमगलं. मुद्देमाल म्हटला की तो उघडून बघायचा, नमुना सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेकडे धाडायचा. या लोकांना पंचनामा हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी चोरी केली होती.

पिंपं उघडणार हे कळताच मॅनेजर धावत आला. "जाऊ द्या, शेजारी हायती. फिर्याद मागं घेतो." वरून साहेबांचाही निरोप, मिटवून टाका.

"फिर्याद म्हंजे पाव्हण्याला धाडलेलं बोलावणं हाय व्हय, नगं म्हणून कळवायला?" मी म्हणालो. डायरीत चढलं ते चढलं. पंचनामा मी माझ्या हातानं लिहिला, चार पानं, अक्षर वाकडं. कुठल्या पिंपात किती, रंग कसला, वास कसला. एक थेंब माझ्या बुटावर उडाला आणि कातडं जागच्या जागी पांढरं पडलं. तेही लिहिलं.

अहवाल आला, पाण्याला घातक. काम थांबलं. पिंपं आणि खालची माती उचलावी लागली. दवाखान्याला एकच खोली मिळाली, बाकी गोदामंच झाली. गल्ली त्यावरही भांडत राहिली, आणि बरोबर केलं.

खबर कुणाविरुद्ध आहे ते बघायला मला खात्यानं शिकवलं. ती देणाऱ्याला काय पाहिजे, ते आधी बघावं, हे त्या गल्लीनं शिकवलं. साहेब लोक म्हणायचे, अडाण्यांना कायदा कळत नाही. मी ते ऐकून घ्यायचं बंद केलं.

खटला मात्र चाचावर चालला. पंचनामा टिकायचा तर चोरीही टिकायला हवी होती, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं. चाचा बाकावर बसला. अक्का उठून त्याच्या शेजारी बसली. मग एकेक करून सगळी गल्ली. बाक भरले, तसे लोक भिंतीशी टेकले.

"तुमची कसली केस?" पट्टेवाल्यानं विचारलं.

"हीच की," अक्का म्हणाली.

माझं काम तिथं संपलं होतं. तरी संध्याकाळी न्यायाधीश उठेपर्यंत मी त्यांच्यातच बसून राहिलो. आरोपी पळू नये म्हणून थांबलो, असं डायरीत लिहिलं. उभ्या नोकरीत तेवढी एकच ओळ मी खोटी लिहिली.